सकाळची पहिली स्लाइड

परवा भाची घरी आली ती एक चिमुकली बाटली घेऊन. तिला हल्ली झोप लागत नाही, म्हणून तिने कुठलंसं सुवासिक तेल मागवलं होतं. "मावशी, वास घे ना, एकदम शांत वाटतं," म्हणत तिने बाटली माझ्या नाकाशी धरली. देवदाराचं तेल होतं. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा आमटीला फोडणी बसत होती, कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि त्या सगळ्यातून तो कोरडा, लाकडी, किंचित गोडसर वास वर आला. मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. या वासाने लोकांना हिमालय आठवत असेल. मला मरोळ आठवलं. भाची म्हणाली, "आवडला ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते तिला?

रक्तातल्या पेशी नीट ओळखायच्या तर मायक्रोस्कोपचं सगळ्यात मोठं भिंग लावावं लागतं, आणि ते भिंग कोरडं चालत नाही. भिंग आणि काचेची पट्टी यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब लागतो. आता त्यासाठी बिनवासाची कृत्रिम तेलं आली आहेत. आमच्या लॅबमध्ये देवदाराचं असायचं. ते बोटांना लागायचं, ओढणीला लागायचं, दुपारच्या डब्यातल्या पोळीलाही त्याचा वास यायचा. घरी आई म्हणायची, तू लॅबमध्ये जातेस की सुताराकडे? त्या वासाचा मला तेव्हा कंटाळा होता. परवा बाटलीभर वास समोर आला तर डोळे भरून आले. माणसाचं कशाने काय होईल, काही सांगता येत नाही.

लॅब म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीसमोरच्या गल्लीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पत्रे कापल्याचा आवाज, टेम्पोवाल्यांची भांडणं. वर आम्ही रक्त, लघवी आणि थुंकीच्या राज्यात. नव्या नोकरीच्या तपासणीला आलेले कामगार बाकावर बाही वर करून बसलेले असत. तापाच्या दिवसांत तर जिन्यापर्यंत रांग लागायची. डॉक्टर दुपारी यायचे, शंकेच्या स्लाइड बघायचे, सह्या करायचे आणि दुसऱ्या लॅबला पळायचे. बाकी सगळी सत्ता ताईंची. आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणायचो, डॉक्टरसुद्धा. नाव लिहीत नाही; त्यांना ते आवडलं नसतं.

ताई वेंगुर्ल्याकडच्या. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा घर परळहून अंधेरीला आलं. ठेंगण्या, घट्ट अंबाड्याच्या, चष्मा कायम कपाळावर ढकललेला, कारण भिंगातून बघताना मध्ये आणखी एक भिंग नको असं त्यांचं म्हणणं. बोलणं फटकळ. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मी नवी नवी आले तेव्हा मला सगळं येतं असा माझा समज होता, आणि तो दूर करायला ताईंना फार वेळ लागला नाही. पुस्तकातली वर्णनं मी पोपटासारखी म्हणून दाखवली तर त्या म्हणाल्या, "ते ठीक. आता ओळखून दाखव." मग पांढऱ्या पेशींच्या जाती ओळखायला त्यांनीच शिकवलं. नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेली इओसिनोफिल म्हणजे मोतीचुराचा लाडू, त्यात चुकायचं काही कारणच नाही. मोनोसाइट म्हणजे खिशातून काढलेला, घडी मोडलेला रुमाल. लिंफोसाइट गोल, आटोपशीर, आपल्या जागेत अंग चोरून बसलेली. आणि न्यूट्रोफिल, रक्तातलं सगळ्यात कष्टाळू पात्र. तिच्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले. ते दोरे दिसेपर्यंत भिंग हलवत राहायचं, घाई करायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

लॅबमध्ये रोज सकाळी पहिलं काम असायचं रंग तपासण्याचं. काचेवर पसरलेलं रक्त नुसतं बघितलं तर त्यात काही दिसत नाही. त्याला जांभळा-निळा रंग द्यावा लागतो. आणि हा रंग भारी लहरी. पाणी बदललं, हवा दमट झाली, बाटली जुनी झाली की बिनसला. कधी सगळं निळंशार मारतो, कधी गुलाबी. अशा रंगात धडधाकट माणसाच्या पेशीही आजारी दिसतात. म्हणून पेशंटच्या स्लाइड रंगवण्याआधी एका निरोगी, ओळखीच्या माणसाच्या रक्ताची स्लाइड करायची. ती नेहमीसारखी दिसली तर रंग बरोबर. नाही दिसली तर रंग बदला. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. आणि लॅब सुरू झाल्यापासून हे रक्त ताईंचं होतं. आल्या आल्या पर्स खुंटीला लावायच्या, बोट पुसायच्या, स्वतःच टोचायच्या, थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेने एका दमात पसरायच्या. मग बोटाला कापूस लावून, "बघ गं, आज रंगाचा मूड कसा आहे."

म्हणजे निरोगी रक्त कसं दिसतं हे मी कुठल्या पुस्तकात नाही, ताईंच्या रक्तात शिकले. त्यांच्या तांबड्या पेशी एकसारख्या, मधोमध फिकट. त्यांच्या न्यूट्रोफिलचे दोरे तर इतके सुरेख, की परीक्षेला ठेवावेत. डॉक्टर चेष्टेनं म्हणायचे, "ताई, तुमच्या रक्तावर माझी लॅब चालते." ताई म्हणायच्या, "मग नीट चालवा."

दुपारी कामाची गर्दी ओसरली की ताई डॉक्टरांच्या कपाटातली जुनी पेटी काढायच्या. त्यात अस्थिमज्जेच्या स्लाइड होत्या. रक्त जन्माला येतं ते हाडांच्या आत, मज्जेत. तिथं पेशी लहानाच्या मोठ्या होतात आणि मगच रक्तात उतरतात. पहिल्यांदा ते दृश्य बघितलं तेव्हा मी गोंधळून गेले. जन्मल्या जन्मल्या पेशी केवढी तरी मोठी असते, जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली, आणि त्या केंद्रकात फिकट ठिपके. मग ती वाढते म्हणजे काय करते, तर लहान होत जाते. केंद्रक आक्रसतं, ठिपके पुसले जातात, अंगात दाणे भरतात. केंद्रकाला बाजूने खळगा पडतो, खळगा वाढत वाढत त्याची घोड्याची नाल होते, आणि नाल पिळवटून शेवटी ते दोऱ्यांनी बांधलेले तुकडे तयार होतात. तांबडी पेशी तर याच्याही पुढची. रक्तात उतरण्याआधी ती आपलं केंद्रकच टाकून देते. मी म्हटलं, "ताई, हे उलटंच आहे की. मोठं होताना सगळं टाकत जायचं." ताई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं का?"

त्या अगदी पहिल्या, मोठ्या, अजाण पेशीला ब्लास्ट म्हणतात. ती मज्जेतच राहते. "ही बाहेर रक्तात दिसली तर?" मी विचारलं होतं. "दिसायची नाही. घराबाहेर पडायचं वयच नाही तिचं." "आणि दिसलीच तर?" तेव्हा मात्र ताईंनी डोळा काढला. "तर डॉक्टरांना हाक मारायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. पेशंट समोर बसलेला असतो."

पुढे कितीतरी वेळा तसा चेहरा ठेवावा लागला. तेही शिकता येतं.

त्या वर्षी ऑक्टोबरचं ऊन भलतंच चढलं होतं. इमारतीच्या पाण्याच्या टाकीची सफाई निघाली आणि आठवडाभर टँकरचं पाणी आलं. त्याच आठवड्यात एका सकाळी कंट्रोलची स्लाइड विचित्र दिसली. मी लहान भिंगातूनच बघितली होती. पांढऱ्या पेशी जास्तच, आणि सगळ्या निळ्या, थोराड, पुसट. मी म्हटलं, "ताई, आज काहीतरी गडबड आहे." त्यांनी वाकून बघितलं. "निळा मारतोय. या टँकरच्या पाण्याने वाट लावली रंगाची." मग डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उघडला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रंगाची बाटली बदलली. मग नवा रंग करून मुरायला उन्हात ठेवला. दुपारी डॉक्टरांनी ती स्लाइड हातात धरून उजेडात बघितली आणि तेही म्हणाले, रंग फेकून द्या. आम्ही सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, टँकरवर, बाटलीवर, रंग पुरवणाऱ्या माणसावर, हवेवर. कंट्रोलवर कुणी घेतला नाही. गजाने कापड मोजताना गजच आखूड झाला असेल असं कुणाच्या मनात येतं?

आणि दिसत तर सगळं होतं. जिना चढून आल्या की ताई पाच मिनिटं बाकावर बसायच्या. कोपराखाली निळे डाग होते. रिक्षाच्या दांड्याला लागलं असेल, म्हणाल्या. सकाळी बोट टोचल्यावर कापूस पूर्वीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावा लागायचा. रोज दुसऱ्यांच्या रक्ताचा वेध घेणारी आम्ही माणसं, आणि हे तीन धागे कुणी एकत्र विणून पाहिले नाहीत. ताईंनीही नाहीत.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की पेशंटच्या स्लाइड छान आल्या आहेत. तोच रंग, तेच पाणी, तोच स्टँड, एकाच वेळी रंगवलेल्या. तांबड्या पेशी फिक्या गुलाबी, केंद्रकं जांभळी, सगळं जागच्या जागी. बिघडलेली होती ती फक्त पहिली. मी ती पहिली परत घेतली, तेलाचा थेंब टाकला, मोठं भिंग खाली आणलं. निळ्या डागांच्या जागी एकेक पेशी स्पष्ट झाली. मोठ्या, गोल, केंद्रकात फिकट ठिपके. शेजारी शेजारी, कितीतरी. त्यातल्या एकीच्या पोटात बारीकशी गुलाबी काडी होती. रंग बिघडला तर पेशी निळी दिसेल, काळवंडेल, तिच्यावर डाग पडतील. पण बिघडलेला रंग पेशीत काडी काढून ठेवत नाही. ती एकाच आजारात दिसते, रक्ताच्या एका कर्करोगात. ती काडी कशी ओळखायची, हे मला ताईंनीच त्या पेटीतल्या एका स्लाइडवर दाखवलं होतं.

ताई मागे बेसिनवर काचा धूत होत्या. माझा चेहरा मला वाटतं कोराच होता. पण नळ बंद झाला. "काय गो?" एरवी आमच्याशी त्या मुंबईचं मराठी बोलायच्या, मालवणी घरातली. "काय दिसता?"

मी उठले. त्या माझ्या जागी बसल्या, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ बघत राहिल्या. उजव्या हाताने स्लाइड सावकाश पुढे सरकवत, नेहमीच्या शिस्तीने, वर-खाली, वर-खाली. खाली पत्रा कापत होते. मग त्या उठल्या, मला खांद्याला धरून परत स्टुलावर बसवलं आणि पेशी मोजायचं यंत्र आपल्याकडे ओढून घेतलं. प्रत्येक जातीच्या पेशीला त्यावर एक बटण असतं; एकाने बघून नाव सांगायचं, दुसऱ्याने दाबायचं, शंभर झाले की घंटी वाजते. "तू बोल, मी दाबते," त्या म्हणाल्या. "आपलं स्वतःचं बघताना माणूस लबाडी करतो."

"ताई, डॉक्टर आल्यावर..."

"माका सांग गो. तुका काय दिसता ता सांग."

मी सांगायला लागले. न्यूट्रोफिल. टक्. लिंफो. टक्. मग ब्लास्ट. आमच्या यंत्रावर ब्लास्टचं बटणच नव्हतं. ताईंनी बेसोफिल या क्वचित दिसणाऱ्या पेशीचं बटण निवडलं, जे सहसा रिकामंच असायचं. ब्लास्ट, टक्. ब्लास्ट, टक्. ब्लास्ट. माझा आवाज बसत चालला. "मोठ्याने," ताई म्हणाल्या. एका ब्लास्टला मी लिंफो म्हटलं. बटणाचा आवाज आला नाही. "परत बघ," त्या म्हणाल्या. तेव्हा त्या भिंगातून बघतही नव्हत्या. मी परत बघितलं आणि खरं नाव घेतलं. त्या शंभर पेशी संपेचनात. माझ्या समोर त्या काचेवर जे चाललं होतं ते मला सगळं कळत होतं, प्रत्येक पेशीचं नाव, तिचं वय, तिनं पुढे काय व्हायला हवं होतं आणि ती कुठे अडून बसली आहे. आणि त्यातलं तसूभरही मला बदलता येत नव्हतं. मला येत होतं ते फक्त नाव घेणं.

घंटी वाजली. ताईंनी बटणांखालचे आकडे बघितले आणि यंत्र शून्यावर आणून ठेवलं. "डॉक्टरांना फोन कर," त्या म्हणाल्या. मग दाराशी जाऊन थांबल्या. "आणि पेशंटचे रिपोर्ट अडवू नको. रंग बरोबर आहे."

पुढचं सगळं परळच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. मी सुटीच्या दिवशी जायची. ताईंचे यजमान मरोळलाच एका छापखान्यात होते, मितभाषी, सतत हात पुसत असल्यासारखे. वॉर्डबाहेरच्या बाकावर एकदा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही लोक रोज रक्तातच असता. तुमच्या ओळखीत यावर काहीच नसतं का?" रागाने नाही, खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं, जी माणसं एवढं बारीक बघतात त्यांच्याकडे एखादी तरी युक्ती असेल. मी नाही म्हटलं. इतकी वर्षं झाली, तो प्रश्न मनातून गेलेला नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

औषधांनी ब्लास्ट गेल्या आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं. ताई रोज आपले आकडे मागून घ्यायच्या आणि मी गेले की मला वाचायला द्यायच्या. "रिकामी स्लाइड," त्या म्हणायच्या. "आता बघू, आधी कोण उगवतं." आम्ही दोघी वाट बघायचो. मज्जेत एखादी शहाणी पेशी जन्मेल, आक्रसेल, नाल होईल, दोरे होतील. एका आठवड्यात न्यूट्रोफिल थोड्या वाढल्या, तेव्हा ताईंनी मला शेजारच्या बाईला दाखवून सांगितलं, "ही माझी मुलगी, रक्तातलं सगळं ओळखते." मी त्या दिवशी घरी जाताना कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या वाढलेल्यांत ब्लास्टही होत्या.

एकदा त्यांनी विचारलं, "सकाळचा कंट्रोल आता कोण देतं?" खरं तर लॅबमध्ये तो विषय कुणी काढत नव्हतं. ताई हॉस्पिटलात गेल्यावर पहिल्या सकाळी सगळे एकमेकांच्या बोटांकडे बघत राहिले होते. आपल्या रक्तात काय निघेल ही भीती कुणी बोलून दाखवली नाही, पण हात पुढे आला नाही. शेवटी मीच टोचून घेतलं होतं. "मी देते," मी म्हटलं. ताईंनी माझा हात हातात घेतला, बोटाच्या टोकावरचे बारीक ठिपके अंगठ्याने चाचपले. "म्हणजे आता सगळ्यांका तुझ्याशी लावन बघणार," त्या म्हणाल्या. "सांभाळ गो स्वतःक."

दिवाळी झाल्यावर ताई गेल्या. बऱ्याच वर्षांनी लॅबही राहिली नाही. हार्डवेअरवाल्याने वरच्या खोल्या घेऊन टाकल्या. मी आता घाटकोपरला एका मोठ्या लॅबमध्ये आहे. फ्रिजएवढं यंत्र मिनिटात पेशी मोजतं, आणि शंका आली तरच स्लाइड आमच्यापर्यंत येते. यंत्राचा कंट्रोल बाटलीबंद येतो, कुणाला बोट टोचावं लागत नाही. बरंच आहे. मी त्याविरुद्ध काही बोलणारी नाही.

गेल्या आठवड्यात यंत्राने एका लहान मुलाचं रक्त बाजूला काढलं. ताप उतरत नव्हता, मुलाची आई बाहेर बसलेली. मी स्लाइड लावली आणि नेहमीप्रमाणे घाई न करता बघत गेले. लिंफोसाइट थोड्या थोराड होत्या, तापात होतात तशा. बाकी सगळ्या नीट वाढलेल्या, वेळेवर बाहेर पडलेल्या. डॉक्टरांनी बघून होकार दिला आणि मीच बाहेर जाऊन सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही. ती बाई एकदम रडायला लागली. जागेवर परत आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी हे कशावरून ठरवलं? माझ्या बोटाचं रक्त पुढे अनेक वर्षं कंट्रोल होतं, आणि ते चांगलंच आहे. पण शंका आली की माझा डोळा माझ्या रक्ताशी ताडून बघत नाही. तो जातो त्या ऑक्टोबरच्या आधीच्या ताईंच्या रक्ताकडे. त्या न्यूट्रोफिलचं आयुष्य मुळातच काही तासांचं. त्या केव्हाच्या विरून गेल्या, आणि तरी अजून त्यांच्या जिवावर मी कुणाच्या तरी आईला सांगते की काळजी करू नका, सगळं बरं आहे. ताईंना मात्र मी ते सांगू शकले नाही.